पत्र्याखालची आगोट

मेच्या अखेरीस एखादा रविवार धरून आम्ही तिघे पत्र्यावर चढत असू. खोली जुन्नरच्या एका जुन्या पेठेत, वाड्याच्या माडीवर मागाहून चढवलेली. भिंती विटांच्या, त्यांवर लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि सांगाड्यावर अकरा पत्रे. २०१६च्या जूनपासून २०२१पर्यंत, म्हणजे बी.ए.ची तीन आणि एम.ए.ची दोन अशी पाच वर्षे, हा पत्रा आमच्या डोक्यावर होता. मध्ये काही आठवडे तो नव्हता, त्याची ही हकीकत. आमच्यातला एक आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेचा, आहुप्याच्या खोऱ्यातला. दुसरा मढच्या बाजूचा. तिसरा मंचरचा, बाजारपेठेतला, ज्याला पावसाळा म्हणजे शाळेचा रेनकोट एवढेच ठाऊक. या लेखात ‘आम्ही’ म्हटले आहे ते तिघांचे मिळून. त्यात कुठे एक दोषी आहे, एक निर्दोष आहे, एक गैरहजर आहे; कोणी कोणता, हे ठरवण्याच्या भानगडीत आम्ही आता पडत नाही.

पहिल्या वर्षी आम्ही काहीच केले नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी (त्यांना आम्ही पहिल्या दिवसापासून मावशी म्हणत आलो) जिन्यातून हाक मारली : “पोरांनो, आगोट केली का?” मंचरच्याला हा एखादा सण वाटला. आहुप्याकडचा मात्र एकदम ओशाळला. शब्द त्याच्या घरातला होता. शहरात भाड्याची खोली घेतल्यावर तो आपल्याला लागू राहत नाही, असे त्याने कुठेतरी मनात धरून ठेवले असावे. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड, आणि त्या तोंडाशी उरकायची सगळी तयारीही. घाटाखाली कोकणातही हा शब्द आहे. नाणेघाटाने शतकानुशतके माल वरखाली झाला, त्याबरोबर शब्दही झाले असणार.

त्याच्या गावी आगोट म्हणजे दीड महिन्याचे काम. सरपण फोडून पडवीत रचायचे, गोवऱ्या आत घ्यायच्या, मीठ-मिरची भरून ठेवायची. राब भाजून झालेला असतो, तिथली राख उडून जायच्या आत पाऊस यावा म्हणून आभाळाकडे बघायचे. कौले उतरवून, फुटकी बाजूला काढून, पुन्हा लावायची; घर शाकारायचे ते हेच. कारवीच्या कुडाला शेणमातीचा हात द्यायचा. पश्चिमेच्या अंगाला पेंढ्याची नाहीतर पानांची झड बांधायची, म्हणजे तिरप्या पावसाने भिंत धुऊन जात नाही. सह्याद्रीच्या माथ्याला लागून असलेल्या या पट्ट्यात आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. त्या आठ दिवसांत जे घरात नाही ते नाही. चूक सुधारायला तिथे मुभा नसते, म्हणून यादी पक्की असते आणि ती तोंडपाठ असते.

आमच्या खोलीची यादी अर्थातच दरिद्री होती. पत्र्याच्या हुकांचे वॉशर बदलणे, भोकांवर डांबराची पट्टी चिकटवणे, खिडकीच्या फटीत एम-सील भरणे, खाटेच्या पायांखाली दोन-दोन विटा, पुस्तकांच्या फळीवर मेणकापड, कपाटात डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा पाला, विजेची लोंबती वायर भिंतीला बांधून घेणे, मेणबत्त्या, पॉवर बँक. पन्हळीत वर्षभरात पिंपळाची रोपे उगवत. ती उपटताना आमच्यातला एक नेहमी हळहळे आणि दुसरा नेहमी त्याला हसे. एवढे झाले की मावशी खालून विचारत, “दगड ठेवलेत का?” आणि आम्ही पत्र्यावर दगड ठेवत असू. पेठेतल्या सगळ्याच पत्र्यांवर दगड होते. आम्हीही ठेवले. त्याविषयी पुढे.

तिसऱ्या वर्षाला आम्हाला गाथासप्तशतीतल्या काही गाथा होत्या. हाल सातवाहनाचा हा संग्रह शिकत असताना खिडकीतून शिवनेरी दिसावा आणि सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा, शिलालेख तीस-पस्तीस किलोमीटरवर असावा, याचे आम्हाला त्या वयात अप्रूप होते. त्यात एक गाथा अशी आहे की, परगावी गेलेल्या वाटसरूची बायको गळत्या घरात पागोळीचे पाणी आपल्या डोक्यावर झेलून मुलाला कोरडे ठेवते आहे, आणि तिच्या डोळ्यांतल्या पाण्याने ते मूल भिजते आहे हे तिच्या ध्यानात येत नाही. वर्गात विरह, व्यंजना, ध्वनी असे सगळे झाले. नोट्स उतरवून घेतल्या. खोलीवर आल्यावर आहुप्याकडचा म्हणाला, “त्या माणसाने घर शाकारल्याशिवाय जायला नको होते.” आम्ही त्याला खूप हसलो. हे रसग्रहण नव्हे, गावकी आहे, असेही म्हणालो. आज शिकवताना ती गाथा आली की आम्ही तिघेही, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या वर्गांत, त्याचे ते वाक्य मुलांना सांगतो. त्या बाईचे दुःख आकाशातून पडलेले नाही, न केलेल्या आगोटीतून गळते आहे, हे त्याला एकट्याला दिसले होते.

जुन्नरभोवतीच्या लेण्यांविषयीही आमची अशीच वादावादी चाले. लेण्याद्री, तुळजा, मानमोडीचे तीन गट, शिवनेरीच्या अंगातली लेणी. भिक्षूंनी पावसाळ्याचे महिने एका जागी राहावे, हिंडू नये, हा वर्षावासाचा नियम या डोंगरांत दगडातून कोरलेला दिसतो. मंचरचा म्हणे, हीच खरी विद्यार्थ्यांची खोली : न गळणारी, भाडे नसलेली, शेजारी पाण्याची पोढी. देणगीदारांत वेळूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कांस्यकारांची आहे, यवनही आहेत. आपल्या खोलीला असा एखादा दाता का मिळू नये, हा प्रश्न भाड्याच्या तारखेला हटकून निघे.

पण पावसाळ्याच्या रात्रींचा एक भाग असा होता की तिथे थट्टा थांबे. ३० जुलै २०१४च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले. १५१ माणसे. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही आणि त्याच्यामुळे ते जगाला कळले. आहुप्याकडचा तेव्हा शाळेत होता. त्याचे गाव त्याच डोंगररांगेच्या कुशीत. आमच्या खोलीत राहायला आल्यावर जुलै-ऑगस्टात रात्री पाऊस वाढला की तो उठून बसे आणि पत्र्यावरच्या आवाजाकडे कान लावी. जुन्नरला एवढा, तर तिकडे किती, असा त्याचा हिशेब असे. मग फोन लावी. रेंज नसे. पुन्हा लावी. आम्ही दोघे झोपल्याचे सोंग घेत असू, कारण काय बोलावे हे आम्हाला कळत नसे. सकाळी कधीतरी वडिलांचा फोन येई. भात आवणीला आले की नाही एवढेच बोलणे होई, रात्रीचा विषय दोन्हीकडून निघत नसे. आगोट करून भागत नाही असेही काही असते, हे आम्हाला त्याच्या त्या फोनवरून कळले होते. तरीही, नव्हे, म्हणूनच, मेच्या रविवारी पत्र्यावर सगळ्यांत कसोशीने काम तोच करी.

२०१९च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही त्याच्या गावी गेलो. लोकसाहित्याच्या विषयासाठी काहीतरी संकलन करायचे होते. ओव्या पुष्कळांनी केल्या होत्या. आम्ही ठरवले, शब्द गोळा करू. पाऊस, घर, छप्पर, आगोट एवढ्याच कक्षेतले. सांगणारी त्याची आजी. आजीला आमच्या उद्योगाची मोठी गंमत वाटे. एक शब्द सांगून ती आम्हाला तो म्हणायला लावी आणि मंचरच्याच्या उच्चाराला तोंडाला पदर लावून हसे. फेब्रुवारीपर्यंत चार खेपा झाल्या. दोनशे पानी वहीत २१४ नोंदी. वही देखणी व्हावी म्हणून मूळ शब्द आम्ही तांबड्या जेल पेनने लिहीत होतो, अर्थ साध्या निळ्या बॉलपेनने. या गोष्टीकडे वाचकांनी लक्ष द्यावे, अशी विनंती आहे.

मार्च २०२०च्या मध्यावर महाविद्यालये बंद झाली. आठ-पंधरा दिवसांत परत यायचे म्हणून आम्ही पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढे घेऊन निघालो. वही पश्चिमेच्या भिंतीतल्या कोनाड्यात राहिली. पुढे टाळेबंदी लागली, एप्रिल गेला, मे गेला. मेच्या शेवटच्या रविवारी आम्ही तिघे तीन गावांत होतो आणि, खरे सांगायचे तर, तिघांपैकी एकालाही पत्र्याची आठवण झाली नाही. ३१ मेच्या सुमारास मावशींचा फोन आला होता, “वादळ म्हणत्यात, येऊन बघून जाता का?” त्या दिवसांत जिल्ह्यात फिरणे अगदीच अशक्य नव्हते. एकाला पोलिसांची भीती वाटली, एकाला आजाराची, एकाला कंटाळा आला. “मावशी, इकडे कुठे वादळ येतंय, ते समुद्रावरच राहतं,” असे उत्तर आम्ही दिले. आमच्यातल्या ज्याने दिले त्याच्या तोंडून आम्ही तिघांनी दिले.

त्या उत्तरात नुसता आळस नव्हता, एक समजूतही होती. चक्रीवादळ ही आमच्या मोसमांच्या यादीतली गोष्टच नव्हती. अटलांटिकच्या काठी हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा ठरलेला आहे. लोक त्याची तयारी वर्षाच्या कामांत धरतात. आपल्याकडच्या समुद्रांत वादळांची दाटी वर्षातून दोनदा होते, एकदा मोसमी पावसाच्या आधी आणि एकदा तो परतल्यानंतर. पण घाटावरच्या माणसाने त्याला कधी आपला मोसम मानले नाही. आमच्याकडे वळीव होता, वावटळ होती, मृग होता, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा. तुफान हा शब्द होता, तोही बाहेरून आलेला, आणि तो आम्ही गर्दीसाठी वापरत असू. ३ जून ही तारीख रोहिणीतली. मृगाला चार दिवस अवकाश. म्हणजे ज्यांनी आगोट वेळेवर केली त्यांचीही ती अर्धीच झालेली होती.

वादळाचे नाव ‘निसर्ग’. हिंदी महासागराच्या उत्तरेकडच्या तेरा देशांनी मिळून केलेली १६९ नावांची नवी यादी त्याच वर्षी एप्रिलमध्ये जाहीर झाली होती, तिच्यातले हे पहिले नाव, बांगलादेशाने सुचवलेले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ज्या शब्दावर ‘निसर्गकविता’ नावाची प्रकरणे पाठ केली, तोच आता पत्रे उडवणार होता. ३ जूनला दुपारी ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. तिथून ईशान्येकडे, घाट चढून, मावळ-मुळशी-खेड करीत ते आमच्या दोन तालुक्यांवर आले. जोर उतरला होता. उतरलेला जोरही पुरेसा होता.

पत्रा का उडतो, हे आम्ही नंतर समजून घेतले. आधी समजून घ्यायला हरकत नव्हती. वारा पत्रा ढकलून देतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो छपरावरून वेगाने वाहताना वरचा दाब कमी होतो आणि पत्रा वर ओढला जातो. कडा आणि कोपरे यांना ही ओढ सर्वांत जास्त, म्हणून वळचणीकडची बाजू आधी उचलते. त्यातच वाऱ्याच्या अंगाची खिडकी फुटली की आत शिरलेला वारा खालून रेटा देतो. वरून ओढ, खालून रेटा. यावर दगडांचा उपयोग नाही. उलट पत्रा निघाला की तेच दगड रस्त्यावर नाहीतर शेजारच्या अंगणात पडतात. हवे असते ते प्रत्येक पत्र्याला जवळजवळ आणि घट्ट हूक, कडेला दुप्पट. हूक पत्र्याच्या उंचवट्यावर, खोलगट भागात नव्हे, म्हणजे भोकातून पाणी येत नाही. आणि सगळ्यांत मुख्य, सांगाडा भिंतीत खोल अडकवलेला. आमचा सांगाडा भिंतीवर नुसता टेकलेला होता. तीन वर्षे आम्ही पत्रा सांगाड्याला बांधत राहिलो. सांगाडा कशाला बांधला आहे, हे कोणी पाहिले नव्हते. वेळूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीला कळले असते.

३ जूनच्या संध्याकाळी वीज गेली, टॉवर पडले, फोन बंद झाले. मढचा ५ तारखेला मोटारसायकलवरून जुन्नरला पोचला. वाटेत आडवी झालेली झाडे, विजेचे वाकलेले खांब, शेतात चेंदामेंदा झालेली पॉलिहाउसे, पत्रे गेलेल्या शाळा, उघड्या पडलेल्या बराखींत भिजलेला कांदा. खोलीवरचे सात पत्रे गेले होते. त्यांतला एक तीन घरे पलीकडे सापडला, सुदैवाने गोठ्यावर, आणि गोठा रिकामा होता.

मावशी त्या दुपारी एकट्या होत्या. वारा आधी एका बाजूने आला, मग मधे जरा थांबल्यासारखा झाला आणि दुसऱ्या बाजूने उठला, असे त्यांनी सांगितले. त्या जिन्याखालच्या अडगळीत बसून होत्या. पण त्याआधी सकाळी, आम्ही येत नाही हे कळल्यावर, शेजारच्या मुलाला हाताशी घेऊन त्या माडीवर चढल्या होत्या आणि आमचे सामान खाली आणले होते. वय सत्तरीपुढे, गुडघे गेलेले. काय आणले त्याची यादी अशी : तिन्ही गाद्या, गॅसची शेगडी आणि सिलिंडर, पातेली, आमची प्रमाणपत्रे असलेली पत्र्याची ट्रंक. ट्रंकेची कडी तुटलेली असल्याने झाकण उघडू नये म्हणून त्यावर ठेवायला काहीतरी जड हवे होते. म्हणून फळीवरचा सगळ्यांत जाड ग्रंथ. तो निघाला मोल्सवर्थचा कोश. बाकी पुस्तके आणि वह्या जागच्या जागी होत्या. मावशींना लिहितावाचता येत नाही. कागद त्यांनी एका नजरेत पाहिला आणि गाद्यांचा नंबर आधी लावला.

आम्हाला तेव्हा याचा राग आला होता. हे लिहायला बरे वाटत नाही, पण आला होता. दोन दिवसांनी तिघे जमलो तेव्हा आमच्यातला एक मावशींच्या समोरच म्हणाला, “निदान कोनाडा तरी बघायचा!” मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातले एक आढे खाली आले होते आणि धान्याची कोठी भिजली होती, हे आम्हाला त्यानंतर अर्ध्या तासाने, पाणी प्यायला आत गेल्यावर, दिसले.

कंपनी सरकारच्या एका लष्करी अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात जमवलेले मराठी शब्द अशा रीतीने कोरडे राहिले. आजीचे भिजले.

भिजलेल्या पुस्तकांचे काय करावे हे आम्हाला ठाऊक नव्हते. उन्हात टाकली, तसे करू नये, पाने आक्रसतात. एकावर एक रचली. तेही करू नये. ओल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि तेवढ्यात वाळवणे जमणार नसेल तर ग्रंथालये अशी पुस्तके चक्क गोठवून ठेवतात, म्हणजे बुरशी थांबते आणि सवडीने एकेक वाळवता येते, हे आम्ही पुढे वाचले. बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या मंचरच्या मुलाला शीतगृह हा शब्द त्या आठवड्यात सुचू नये, याचे त्याला अजून वाईट वाटते. चकचकीत कागदाची पुस्तके विटांसारखी चिकटली. जुन्या खरखरीत कागदाची, रद्दीतून घेतलेली, त्यातल्या त्यात बरी निघाली.

वही उघडली तेव्हा पाने गुलाबी होती. जेल पेनची शाई पाण्यात विरघळते. बॉलपेनची तेलाची असते, ती राहते. तांबडे शब्द सगळे वाहून एकमेकांत मिसळले होते आणि त्या गुलाबी पाण्यात निळे अर्थ स्वच्छ उभे होते. क्रमांक, अर्थ, क्वचित आजीचे एखादे वाक्य; आणि डाव्या बाजूला, जिथे शब्द असायचा तिथे, एक डाग. अर्थ असलेला आणि शब्द नसलेला कोश आमच्या हातात होता. कोणीतरी हसले. सोस्यूरवरचे टिपण त्याच फळीवर वाळत होते.

आता खरे नुकसान सांगतो. आहुप्याकडच्याची फी आणि खोलीभाड्यातला त्याचा वाटा हिरड्यावर चाले. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करायचा, वाळवायचा, विकायचा. त्या पैशावर घरातली आगोट होते आणि मुले शिकतात. त्या वर्षी टाळेबंदीने आधीच बाजार बसला होता. वादळाने झाडेच मोडली. हिरड्याचे झाड पुन्हा धरायला वर्षे लागतात. ते एका हंगामाचे पीक नव्हे. त्या नुकसानीच्या भरपाईसाठी पुढे कित्येक वर्षे या भागातल्या लोकांना मोर्चे आणि उपोषणे करावी लागली. आम्ही दोघे वहीवरून हळहळत असताना तो गप्प होता. त्याला आम्ही वहीचेच दुःख समजत होतो, आजी त्याची म्हणून. जुलैत त्याने सांगितले की तो शिक्षण सोडतो आहे. मग काय काय झाले त्याचा तपशील देत नाही. मावशींनी त्याचा वाटा वर्षभर मागितला नाही, एवढे सांगणे त्यांच्या ऋणासाठी आवश्यक आहे. तो एम.ए. झाला.

शब्द पुन्हा विचारून घ्यायचे होते. पाऊस ओसरला की जाऊ, असे ठरले. साथीमुळे म्हाताऱ्या माणसांकडे बाहेरून जाणे बरे नव्हे, म्हणून लांबवले. ऑक्टोबरात आजी गेली. आजाराने नव्हे, म्हातारपणाने.

त्यानंतरच्या दोन वर्षांत आम्ही आठवणीने, त्याच्या आईला विचारून, आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायकांना अर्थ वाचून दाखवून, बरेच शब्द परत लावले. २१४पैकी १८३. यात एक अडचण अशी आली की एकेका अर्थाला दोन-दोन, तीन-तीन शब्द मिळू लागले. डोंगराच्या या अंगाला एक, त्या अंगाला दुसरा. “हे आमच्यात नाही म्हणत,” असे ठासून सांगणारी बाई पुढच्याच वाक्यात आणखी एक नवा शब्द देई. आजीचा कोणता, हे आम्हाला सांगता येईना. संकलनाच्या दृष्टीने वही पूर्वीपेक्षा समृद्ध झाली आहे, असे आमच्या एका प्राध्यापकांनी म्हटले, आणि ते बरोबर आहे. पण आम्हाला हवे होते ते तिचे होते.

३१ डाग अजून रिकामे आहेत. क्रमांक ८७ : ‘आढ्यावर दोर नेऊन खालच्या मेढीला बांधतात ती गाठ, वारा आला की घट्ट होते.’ ही गाठ आजीने आम्हाला स्वतः मारून दाखवली होती. तिच्या हातातली दोरी आठवते. शब्द आठवत नाही. मावशींच्या नव्या छपराचा सांगाडा भिंतीत लोखंडी पट्ट्यांनी अडकवला तेव्हा आमच्यातल्या एकाने गवंड्याला सहज विचारले, याला काय म्हणता? तो म्हणाला, “क्लॅम्प.”

२०२१च्या मेमध्ये तौक्ते आले तेव्हा आम्ही तिघेही खोलीत होतो. ते किनारा धरून गुजरातेकडे गेले. आमच्या वाट्याला वारा आणि पाऊस आला, पत्रा हलला नाही. रात्रभर जागून आम्ही त्याच्या खाली बसलो, वही प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, आणि मावशी वर आमच्या खोलीत येऊन बसलेल्या. खाली एकटीने बसायला त्या तयार नव्हत्या.

आता तिघे तीन ठिकाणी शिकवतो. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मेलाच महाराष्ट्रात आला, मृगाच्या जवळजवळ पंधरवडा आधी. कितीतरी घरांत कौले अंगणात उतरवलेली आणि पाऊस सुरू. त्या आठवड्यात आम्ही जुन्नरला गेलो होतो. खोलीत आता दुसरी मुले आहेत, विज्ञान शाखेची. त्यांना मावशींनी एप्रिलमध्येच पत्र्यावर चढवले होते. कागदपत्रे आधी, गाद्या मागून, असेही बजावले होते, हे ऐकून आम्ही तिघेही खाली बघत राहिलो.

चहा झाल्यावर मावशींनी विचारले, त्या वहीचं काय झालं? पाच वर्षांत पहिल्यांदा. वही बरोबर नव्हती, फोनवर फोटो होते. आम्ही त्यांना रिकाम्या नोंदी वाचून दाखवायला लागलो. क्रमांक १२ : ‘वाऱ्याने तिरपे होऊन पडवीत आत येणारे पाणी.’

“झड की,” मावशी म्हणाल्या. “त्यात काय.”

आहुप्याकडचा नाही म्हणाला. आजीच्या बोलण्यात झड म्हणजे ते पाणी अडवायला बांधायची ती; पाण्याला तिचा वेगळा शब्द होता. मावशी म्हणाल्या, पाण्यालाही झडच म्हणतात, त्यांच्या माहेरी तरी. तो म्हणाला, मग अडवणारीला काय म्हणता? तिलाही झडच, मावशी म्हणाल्या. यावर पुष्कळ वेळ बोलणे झाले. बाहेर पाऊस लागला होता. सध्या बाराव्या क्रमांकापुढे ‘झड’ असे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे, प्रश्नचिन्हासकट. त्याची अजूनही तिला संमती नाही.